भाता थांबला की

कापसाला सोन्याचा भाव आला, त्या वर्षांत चांदूर बाजारच्या रस्त्यावर आमची लोहाराची भट्टी होती. अमरावतीकडे जाणाऱ्या गाड्यांच्या चाकांना लोखंडी धाव बसवायच्या कामातून उसंत नव्हती. माझे धनी हातोडा चालवायचे, मी भाता ओढायची. लोक म्हणायचे, बाईचं काय, नुसता वारा घालायचा. मी ऐकून घ्यायची. खरी गोष्ट आम्हा दोघांनाच ठाऊक होती.

वर्षानुवर्षं जाळाकडे बघून धन्यांची नजर अधू झाली होती. माणूस ओळखू यायचा, वाट दिसायची. पण तापल्या लोखंडाचा रंग कळत नव्हता. आणि धाव सांधायची म्हणजे सगळा खेळ रंगाचा. पट्टीची दोन टोकं एकावर एक ठेवून तापवायची. ती पांढुरकी होऊन घाम आल्यागत चमकली की ठोकायची. आधी ठोकली तर सांधा धरत नाही, उशीर झाला तर लोखंड जळतं. ती वेळ मी पाहायची आणि भाता थांबवायची. भाता थांबला की धनी सांडशीने पट्टी बाहेर काढायचे. बघणारे त्यांच्या नजरेची वाखाणणी करायचे. हे बाहेर फुटलं असतं तर आमच्याकडे कोणी चाक आणलं नसतं. धन्यांना भीतीपेक्षा लाज जास्त होती, आणि मला त्या लाजेचा राग यायचा.

पुढे बाभळीचा कोळसा मिळेना. कोळसा पाडणारे सगळे कापसाचे गठ्ठे वाहायला गेले होते. एका गाडीवानाला चाकाची घाई होती, तो अकोल्याकडून रेल्वेच्या कामावरचा दगडी कोळसा पोतंभर घेऊन आला. आमची भट्टी म्हणजे वीतभर खड्डा, मागे मातीची भिंत आणि तिच्यातून आलेली भात्याची नळी. त्यात हा कोळसा आधी पेटेचना, मग पिवळा धूर ओकू लागला. धन्यांनी खड्डा खोल केला, नळीला जाड माती लिंपली, धूर सरेपर्यंत लोखंड घातलं नाही. एवढं त्यांना हातानं आणि नाकानं कळत होतं.

मी नेहमीसारखी बसले. पण या जाळाचा उजेडच इतका पांढरा की त्यात पट्टी वेगळी दिसेना. मी वाट पाहत राहिले आणि तडतड ठिणग्या उडाल्या. टोक जळालं होतं.

"काहून गा, दिसत नाई का तुले?" गाडीवान म्हणाला.

चूक माझी, असं मी सांगणार होते. धन्यांनी हात वर केला.

"नाई दिसत," ते म्हणाले. "दोन वर्सं झाली. हे माही बायको पाह्यते, मी ठोकतो."

गाडीवान चाकाजवळ जाऊन उभा राहिला. धन्यांनी जळकं टोक छिन्नीनं तोडलं. पट्टी थोडी लांब ठेवायची आमची रीत होती, तीच कामी आली. पण आता रंग पाहायचा तर मध्येमध्ये भाता थांबवून जाळ खाली बसू द्यावा लागत होता. भाता थांबणं हीच तर आमची खूण, मग आता खूण कशाची करणार?

मी थांबले. धन्यांनी सांडशी उचलली नाही. सगळ्यांसमोर विचारलं, "झालं का वं?"

"नाई. थांबा."

पुन्हा भाता, पुन्हा थांबणं. "आता," मी म्हणाले.

सांधा बसला. गाडीवानानं तो अंगठ्यानं चाचपलासुद्धा नाही. गाडीचं दुसरं चाक काढून आणलं आणि भात्याशी, माझ्यापुढे ठेवलं.

"बाई, याचंबी पाहजा."

धनी हसत होते. मी भात्याला हात घातला.