टाकीची चावी भिडस्त माणसाकडे

सारपिनला नाही म्हणता येत नसे. जावा बेटावरच्या त्या टोफूवाल्यांच्या गल्लीत थोरांना तोंडावर नकार देणं म्हणजे शिवी हासडण्यासारखंच, आणि सारपिन तर भिडस्तांचा मुकुटमणी. अशा माणसाच्या हाती टाकीची चावी देणाऱ्या गल्लीला तरी काय म्हणावं!

सोयाबीनचं दूध फाडून उरलेलं आंबट पाणी पूर्वी थेट नदीत जाई. आता ते या टाकीत कुजायचं आणि त्यातून निघणाऱ्या गॅसवर गल्लीतल्या चुली पेटायच्या. ईद जवळ आली की टोफूची मागणी दुप्पट, पाणीही दुप्पट. म्हणून बैठकीत ठरलं होतं, जादा पाणी ज्याने त्याने पिंपात साठवायचं आणि सणानंतर काम बंद असताना थोडं थोडं सोडायचं. एकदम पाजलं तर टाकीचं पोट बिघडतं.

सगळ्यांनी माना डोलावल्या. मग एकेक जण हळूच टाकीपाशी येऊ लागला.

"सारपिन, पिंपं काठोकाठ भरली रे. दोनच बादल्या ओततो. दोन बादल्यांनी काय टाकी मरते?"

"बरं, ओता."

मेहुणा आला, शेजारी आला, मशिदीत बांग देणारे आजोबाही आले. सारपिन हसून झाकण उघडत राहिला.

ईदच्या आदल्या दिवशी चुली विझल्या. नारळाच्या पानांच्या विणलेल्या पुड्यांतला सणाचा भात, केतुपात, तासन्‌तास उकळावा लागतो. बाकीच्यांनी सिलिंडर आणले. तुमिरा म्हातारीला ते परवडणारं नव्हतं. ती ओली लाकडं फुंकताना सारपिनला दिसली आणि तो मान खाली घालून सटकला. मेल्याहून मेल्यासारखं झालं त्याला, पण लाजेने कुणाची चूल पेटत नाही.

ईदच्या सकाळी थोरांपुढे गुडघे टेकून, त्यांचे हात कपाळाला लावून वर्षभराच्या चुकांची माफी मागायची रीत. सारपिन सगळं सांगून टाकायचं ठरवूनच म्हातारीपुढे, गल्लीच्या म्बाहपुढे म्हणजे आजीपुढे, बसला.

"म्बाह, माझं चुकलं. ती टाकी..."

"बोलू नकोस, बाळा." तिचे डोळे धुराने लाल झाले होते. तिने त्याचे हात धरले. "साबणाचं पाणी टाकीकडे जाणाऱ्या नालीत सोडू नका, टाकी मरते, म्हणून तू बजावलं होतंस. मी मेलीने सणाचे पडदे धुतले आणि दिलं सोडून. माझ्यापायी गल्लीच्या चुली विझल्या. मला माफ कर."

खोली माणसांनी भरलेली. मेहुणा बशीतल्या खाऊकडे टक लावून बसला होता. 'तुमचं नाही, म्बाह, माझं,' एवढंच म्हणायचं होतं.

"माफ केलं, म्बाह," सारपिन म्हणाला.

म्हातारीला रडू फुटलं आणि सगळ्यांदेखत तिने त्याचेच हात आपल्या कपाळाला लावले.