उतरायला शिकलेली कुंदा

रोहितचा फोन आला तेव्हा दौलतगंजातल्या माझ्या चष्म्याच्या दुकानात एक वयस्कर गृहस्थ पाटीवरची सगळ्यात खालची ओळ वाचत होते. रोहित म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचा, कुंदाचा मुलगा. "मामा, आई उठली, चहा ठेवला, और फिर वहीं… मतलब, खालीच बसली. डॉक्टर येऊन गेले. मामा… आई नहीं रही." "बरं, येतो," म्हणून मी फोन ठेवला. मग त्या गृहस्थांचा दुसरा डोळा तपासला, नंबर लिहून दिला, फ्रेमा दाखवल्या. त्यांना एकही पसंत पडेना, तरी मी एकेक परत पेटीत लावून ठेवली. एरवी मी तापट माणूस, अशा गिऱ्हाइकाला कधीच वाटेला लावलं असतं. शटर ओढताना शेजारच्या दुकानदाराने विचारलं, "आज जल्दी?" मी म्हटलं, "बहन गुज़र गई." लाइट गेली म्हणून सांगावं तसं सांगितलं. त्याला आता काही आठवडे झाले. दिवसपाणी झालं, माणसं येऊन बसून गेली, मला अजून रडू आलेलं नाही. बायको काळजीने बघत राहते. आता येत नाही तर येत नाही, काय करू?

आमचं दाना ओली मोहल्ल्यातलं घराणं शिलेदारांचं, म्हणजे स्वतःचा घोडा घेऊन लढाईला जाणाऱ्यांचं. दख्खनेतून इकडे उत्तरेत आले ते इथलेच झाले. पुढे घोडे गेले आणि बाता राहिल्या. बाबा कचेरीत कारकून, मी चष्मेवाला, कुंदा बँकेत. आमच्यापैकी घोड्यावर बसलं ते फक्त लग्नात, तेही भाड्याच्या, आणि माझ्या वेळचा तर बँड ऐकून असा बिथरला की सासरेबुवांनी लगाम धरला. पण बाबांची एक शिवी घरात कायम होती… 'पायउतार'. महाराष्ट्रात मंत्री पायउतार होतात, आमच्याकडे कुणीही व्हायचं. भांडणात माघार घेतली, पायउतार. गणपती मंडळाचं पद सोडलं, पायउतार. "शिलेदार मरेल, पण पायउतार होणार नाही," असं म्हणून ते पत्त्याच्या डावातही हटायचे नाहीत. कुंदा त्यांची खरी लेक. नवरा तरुणपणी गेला, तर नोकरी, घर, रोहितचं शिक्षण, सगळं एकटीने ओढलं. मी मदतीचं काढलं की दारातूनच म्हणायची, "मी घट्ट बसलेय, दादा. तू दुकान बघ."

पन्नाशी उलटल्यावर तिने बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतली, आणि एका रविवारी पोहे खाताखाता म्हणाली, "दादा, मी घोडा शिकतेय." मी म्हटलं, "कुंदे, वरातीमागून घोडं ते हेच!" ती हसली नाही. तिघऱ्याच्या रस्त्यावर घोडदळातले एक निवृत्त रिसालदार शिकवतात, तिथे ती आधीच जायला लागली होती. आणि साधीसुधी रपेट नाही, तिला लांब पल्ल्याची शर्यत करायची होती. चाळीस किलोमीटर, माळरानातून, शेतांच्या बांधाबांधाने. पहिले कित्येक आठवडे तर तिला बसूच दिलं नाही. खरारा कर, खूर उचलून खडे काढ, खोगीर घाल, खोगीर काढ. मग दुडकी चाल. घोड्याच्या पावलाबरोबर उठायचं, बसायचं, उठायचं, बसायचं. मांड्या सोलून निघाल्या. आमच्या घरी आली की पाटावर बसता यायचं नाही, उभ्यानेच जेवायची. माझी बायको म्हणाली, "ताई, हे काय वय आहे का?" तर म्हणे, "वहिनी, एकदा. फक्त एकदा पूर्ण करायचीय. बाबांच्या सगळ्या बाता एकदा तरी खऱ्या करायच्यात." एवढंच होतं तिच्या मनात. पहिला नंबर नको होता, बक्षीस नको होतं.

त्या शर्यतीचा नियम ऐकून मी चाटच पडलो. टप्प्याटप्प्यावर डॉक्टर घोडा तपासतात. ठरलेल्या वेळात त्याची धडधड उतरली नाही, किंवा तो जरा लंगडला, तर घोडा बाद आणि त्याच्याबरोबर स्वारही. "ही कसली शर्यत?" मी म्हटलं. "पोचल्यावर घोड्याला विचारायचं, बाबा रे, बरा आहेस ना?" कुंदा म्हणाली, "अगदी तेच विचारायचं."

राजस्थानातल्या तिच्या पहिल्या शर्यतीला मदतनीस म्हणून मी गेलो. बादली, ओली पोती, गाजरं, असा सरंजाम. घोडीचं नाव मैना. रिसालदारांनी दहादा बजावलं होतं की शेवटचा तुकडा उतरून, लगाम धरून चालत यायचं, म्हणजे येईपर्यंत घोडीचा श्वास खाली बसतो. कुंदा आली ती घोडीवर, ताठ, मान वर. पागोटंच काय ते नव्हतं! मी टाळ्या पिटल्या. बाबा असते तर… असंही मनात आलं. पण मैनाची छाती भात्यासारखी चालली होती. आम्ही पाणी ओतलं, पोती घातली, वेळ संपली, धडधड उतरली नाही. बाद. रिसालदार एवढंच म्हणाले, "बाईजी, उतरना था." परतताना गाडीने धौलपूर सोडलं. मग खिडकीकडे बघत कुंदा म्हणाली, "मला आठवत होतं रे, उतरायचंय ते. पायच निघेना रिकिबीतून. सगळे बघत होते ना… आपल्या घरात चढायचं सगळ्यांनी शिकवलं, दादा, उतरायचं कुणी शिकवलंच नाही."

त्यानंतर कुंदा बदलली. मला सांगायला कुणी नेमलेलं नाही, पण मी बघितलं. मैनाच्या शेजारून ती मैलोनमैल पायी चालायला लागली. चढ आला की उतर, दगड आले की उतर. त्याच हिवाळ्यात तिने स्वयंपाकघर सुनेच्या हाती दिलं. भाजीत मीठ जास्त झालं तरी बोलली नाही, हे तर मी स्वतः त्या पंगतीला होतो म्हणून सांगतो. रोहितशी वाद चालला की मधेच म्हणायची, "जा, तुझं खरं. मी पायउतार." पोरगा बिचारा गोंधळायचा, "आई, तबियत ठीक है ना?" मला राग यायचा, खोटं कशाला बोलू? बाबांच्या शिवीची ती अशी चेष्टा करते, असं वाटायचं.

पुढच्या वर्षी दुसरी शर्यत. या खेपेला सगळं सुरळीत होतं. पहिल्या तपासणीला मैनाची धडधड झटक्यात उतरली, डॉक्टरांनी मान डोलावली, कुंदाने मला अंगठा दाखवला. शेवटची फेरी. मी शेवटच्या रेषेपाशी पोती भिजवून उभा. एकेक घोडा येत गेला. मैना येईना. वेळ संपत आली. मग लांब, पिवळ्या सरसोंच्या शेताच्या कडेने, एक घोडी दिसली, पाठीवर कुणी नाही. मी पोतं तिथेच टाकून धावलो… घोडीच्या पुढे कुंदा होती. लगाम हातात, हळूहळू चालत येत होती. खुरात काहीतरी टोचून मैना जरा लंगडायला लागली, तर ही तिथेच उतरली, आणि उरलेली सगळी वाट चालत आली. रेषा ओलांडली तेव्हा वेळ होऊन गेली होती. मी तर भडकलोच, लंगडा घोडा तपासणीत बादच होतो हे विसरून. "अगं, थोडक्यासाठी! बसून आली असतीस तर वेळेत पोचली असतीस!" ती बादलीतलं पाणी मैनाच्या मानेवर ओतत होती. "आणि ही आयुष्यभर लंगडली असती, तर तू चष्मा देणार होतास का तिला?" मग मला म्हणाली, "दादा, वाट पूर्ण झाली ना? झाली. थोडी तिच्या पायांनी, थोडी माझ्या. पण मोजण्यात धरणार नाहीत. ते मला अजून एकदा हवंय." आणि तिच्या डोळ्यांत पाणी होतं. कुंदाला मी रडताना बघितलं ते त्याच दिवशी, नवरा गेला तेव्हासुद्धा नाही.

तिसरी शर्यत या येत्या हिवाळ्यात व्हायची होती. मैनाचा पाय केव्हाच बरा झाला होता. श्रावणात राखी बांधायला आली तेव्हा ओवाळता ओवाळता म्हणाली, "पोती तूच भिजवायची, बरं का. घोडामैदान जवळच आहे." आणि मग तो चहा. घरातल्या घरात, गॅसपाशी, कुणाला हाक न मारता… रिसालदार भेटायला आले होते. "बाईजी इस बार कर लेतीं," म्हणाले. मी "हो" म्हटलं. आलेल्या माणसांनी विचारलं, "त्या शर्यतीचं काय झालं शेवटी? पूर्ण केली का त्यांनी?" मी प्रत्येकाला "नाही" असंच सांगितलं. खरं आहे ते. सांगताना काहीच होत नाही मला. हात बधिर झाला की चिमटा काढतात ना, आणि आपण नुसतं बघत राहतो, तसं.

परवा कुंदाच्या सुनेने तिचे घोडेस्वारीचे बूट माझ्याकडे दिले. "मामा, मला हे टाकवत नाहीत, आणि समोर ठेववतही नाहीत," म्हणाली. मी पिशवीत घालून दुकानात आणले. दुपारी गिऱ्हाईक नव्हतं म्हणून बाहेर काढले. स्वाराचे बूट पोटरीच्या आतल्या बाजूने घासतात, खोगिराला लागून, हे मला कुंदानेच कधीतरी दाखवलं होतं. हिचे तिथे थोडेसेच घासलेले. तळ मात्र पार गेलेले. उजव्या टाचेशी तर बोट जाईल एवढं भोक, त्यात कुठल्यातरी माळाची लाल माती घट्ट बसलेली. मी खिळ्याने ती काढायला गेलो आणि थांबलो. राहू दे म्हटलं.

मग काय मनात आलं कोण जाणे, बूट उचलले आणि कोपऱ्यावरच्या मोच्याकडे गेलो. त्याने उलटेपालटे करून बघितले. "नया तल्ला लगेगा, बाबूजी. कब तक चाहिए?"

"सर्दी से पहले दे देना," मी म्हटलं. "बहन को जाना है."

"हो जाएगा," तो म्हणाला, आणि त्याने ते आपल्या पाठीमागे, तयार करायच्या जोड्यांत ठेवले.