धोंड्याच्या महिन्यातलं घर

पुंडलिक मालगाडीचा ड्रायव्हर. रेल्वेवाले आता लोको पायलट म्हणतात, पण त्याच्या गावात अजून ड्रायव्हरच म्हणतात, अन् त्यालेबी तेच बरं वाटते. गाव आमगावच्या पलीकडे, धानाच्या बांध्यांतलं. बाप लोकांची ढोरं राखे. पोरगा शिकला, रेल्वेत लागला, गोंदियाले क्वार्टर भेटलं, ममतासंगं लग्न झालं, दोन पोरी झाल्या. सरळ रुळावरची जिंदगी. मंग एक दिवस बदलीचा हुकूम आला. भिलाईच्या यार्डात.

"भिलाई म्हणजे आपल्याच लाइनवर हाय," तो ममताले म्हणे. "गाडीत बसलं का अडीच घंट्यात गोंदिया."

"लाइन आपली हाय, पण तठी राहाचं कोठी? पोरी शिकतीन कोठी?"

लहान पोरगी कीर्ती सहावीत. तिची चिंता कोणाले नव्हती. ते पोट्टी कोठीबी टाका, उगवते. खरा सवाल होता मोठीचा. यामिनी दहावीत होती अन् तिच्या डोक्यात पक्कं बसलं होतं का आपल्याले ढोराची डॉक्टर होयाचं हाय. गावाकडे आज्याची गाभण म्हैस डॉक्टर येयेपर्यंत तडफडून मेली, तवा हे पोट्टी गोठ्यातच उभी होती. तवापासून तिचं एकच. दुर्गच्या बाजूले अंजोऱ्याले ढोराच्या डॉक्टरीचं कॉलेज हाय, हे तिनं बापाच्या बदलीच्या दिवशीच मोबाईलवर पाहून ठेवलं. बदलीनं घरात खूश झालेली ते एकटीच. तिले फक्त अकरावीले बायोलॉजी पाहिजे होती. चांगल्या शाळेत.

आता घोळ असा का, भिलाईच्या प्रायव्हेट शाळा एप्रिलातच भरून जातात, अन् महाराष्ट्राचा दहावीचा निकाल लागते मे महिन्यात. पोरगी पास झाली, चांगल्या मार्कानं झाली, तवा तिकडे दारं लागून गेली होती. उरली एक सरकारी शाळा, इंग्लिश मीडियमची, दुर्गात पद्मनाभपुरच्या जवळ. तठली बायोलॉजीची मॅडम मोठी शिकवणारी, असं सगळे सांगत. त्या शाळेचा नियम साधा होता. जो आसपास राहीन, त्याच्या लेकराले आधी जागा.

म्हणजे शाळा पाहिजे त घर पाहिजे, अन् घर पाहिजे त तठीच पाहिजे.

पुंडलिक तवर भिलाईले हजर झाला होता, पण निकालानंतर आठ-दहा दिवस त्याले सुट्टीच भेटली नाही. गाडीवरून उतरला का झोप, झोपेतून उठला का गाडी. भेटली तवा बायको-पोरीले भिलाईले घेऊन आला. संगं कमलेश. हा त्याचा असिस्टंट ड्रायव्हर, भिलाईचाच छत्तीसगढी गडी. तोंडानं फाटका, मनानं सोनं.

पयले त्यानं टाउनशिपचे सेक्टर दाखवले. रुंद रस्ते, दोहीकडून झाडं, अंगणात आंबे. सिविक सेंटरले पोरींनं आइस्क्रीम खाल्लं. ममता त हरखूनच गेली. "इकडेच पाहू ना घर."

कमलेश हासला. "भाभी, ये सब स्टील प्लांटवालों का है. रेलवालों को यहाँ खाली आइस्क्रीम मिलता है."

मंग सुपेला मोहल्ला. बजाराच्या मधात एका वेल्डिंगच्या दुकानावर दोन खोल्या. घरमालक घराच्या गोठी सांगून राहिला अन् खालून ठिणग्या. ममतानं जिन्यावरूनच मान हालवली. यार्डापाशी, चरोद्याले, रेल्वेचं क्वार्टर भेटून जाय, पण तठून शाळा लांब, अन् नियमात बसत नव्हतं.

दुपारी पद्मनाभपुरले आले. घर लतिकाबाईचं. ह्या बाई तीन पिढ्यांपासून दुर्गात, नवरा गेलेला, पोरगा बंगलोरले. वर राहाच्या अन् खालचं भाड्यानं द्याच्या. अंगणात तुळस, दारावर गणपती. दोन खोल्या, मोठं सैंपाकघर. गल्लीत आणखी चार-पाच मराठी घरं. शाळेची घंटा वट्ट्यावर उभं राहून आयकू ये.

"तुम्ही गोंदियाकडचे ना?" लतिकाबाईनं इचारलं. "ते 'कावून', 'मले-तुले' म्हणता तुम्ही. ऐकायला गोड वाटतं हो."

गोड वाटते म्हणजे काय वाटते ते आमाले समजते. पण ममताचं ध्यान तिकडे नव्हतं. ते सैंपाकघराच्या खिडकीतून बाहेर पाहून राहिली होती. तिच्या तोंडावरून घर पसंत पडलं होतं.

शाळेतल्या बाबूले भेटून आले. त्यानं मार्क पाहिले, खूश झाला. "बिटिया तो होशियार है. किरायानामा ले आइए, दस जून तक. सीट मिल जाएगी."

झालं. सगळं जमलं. पुंडलिक परत येऊन लतिकाबाईले म्हणे, "बाई, आपण किरायाचा करार करून टाकू."

बाई उठल्या, भिंतीवरच्या कॅलेंडरपाशी गेल्या, चष्मा लावला. "अहो, अधिक लागलाय की! धोंड्याचा महिना. परवाच लागला. आता पंधरा जूनपर्यंत काही नाही. अधिकात नवं घर करायचं नसतं, आणि मी तर बाई देणारही नाही. कराराची सही करायची ती निजात."

पुंडलिकनं ममताकडे पाह्यलं. ममतानं खाली पाह्यलं.

इथं एक गोठ सांगावीच लागते, नाही त ममता उगाच खुळी वाटन. यामिनी लहान असताना गोंदियाच्या क्वार्टरात त्यायनं पितृपक्षात सामान टाकलं होतं. रेल्वेनं तारीख देल्ली, काय करता. दोन महिन्यात ममताच्या पोटातलं लेकरू गेलं. पाचवा महिना चालू होता. डॉक्टरनं काहीबी कारण सांगतलं असन. ममताच्या मनानं एकच कारण धरलं, अन् पुंडलिकनं आजवर तिले त्याच्यावर एक शब्द इचारला नाही.

परत येताना आटोत यामिनी हळूच म्हणे, "बाबा, राहाले मंग जाऊ. कागद त बनवून घ्या ना आता."

"कागद म्हणजे घरच हाय ना बेटा."

"कागद म्हणजे कागद हाय, बाबा."

"तुले मायच्या डोक्यावरून चालाचं हाय काय?"

कमलेश समोर आटोवाल्याच्या बाजूनं बसला होता. तो मागं वळून म्हणे, "अधिक मास ल हमू मन मानथन, भैया. फेर लइका के भर्ती थोरे रुकथे."

पुंडलिकले छत्तीसगढी समजे: अधिक आमीबी मानतो, पण लेकराची भर्ती थोडीच थांबते. पण तो म्हणे, "पाच दिवसाचा त फरक हाय रे. बाबू चांगला माणूस हाय. हातपाय जोडू."

आमच्या माणसाचं असंच हाय. देवापुढे एक दिवस मागंपुढे करत नाही, अन् सरकारले पाच दिवस मागते.

ममता तेवढी सोपी सुटली नाही. त्या रात्री, म्हणजे गोंदियाच्या घरी, ते पोरीपाशी बसली. "यामिनी, तुले माहा राग आला काय?"

"नाही."

"मले भेव लागते वं."

"माहीत हाय," पोरगी म्हणे, अन् भांडे घासाले निंघून गेली.

जूनच्या सुरुवातीले पुंडलिक सासुरवाडीले गेला. धोंड्याच्या महिन्यात जावाई म्हणजे साक्षात नारायण. सासूनं पाटावर बसवला, ओवाळला, तेहतीस अनारशांचं ताट हातात देल्लं. पुरणाचे धोंडे, वर तुपाची धार. साळा पराग, गोंदियाले दुकान हाय त्याचं, तो बाजूनं बसून मजा घेत होता. "खा भाऊजी, खा. तीन सालातून एकदा भाव भेटते तुमाले."

सगळे हासले. पुंडलिकबी हासला. यामिनी वाढून राहिली होती. बापाच्या ताटात धोंडा टाकताना तिनं इचारलं, "आज किती तारीख हाय, बाबा?"

बापाले तारीख माहीत होती. तो म्हणे, "आणखी एक टाक."

दहा तारखेले तो गाडीवर होता. डोंगरगढच्या घाटात, वर चढ, मागं मालानं भरलेल्या वाघिणी. कमलेशनं एकदाच म्हटलं, "आज दस है, भैया." पुंडलिकनं नियमानं समोरचा सिग्नल जोरात पुकारला, कमलेशनं नियमानंच तो परत म्हटला, अन् त्या गोठीवर पडदा पडला.

अधिक संपला. निज ज्येष्ठाच्या पयल्या दिवशी लतिकाबाईनं सही केली, पेढा देल्ला. पुंडलिक करार घेऊन पायीच शाळेत गेला, एवढी शाळा जवळ. यामिनी संगं. शाळा त्याच दिवशी सुरू झाली होती. पोरं-पोरी गणवेशात, टिळे लावलेले.

बाबूनं ओळखलं. त्याचं तोंड पडलं. "अरे भाई साहब. आप आए नहीं. लिस्ट लग गई."

"साहब, पाच दिन..."

"बायो फुल है. मेरे हाथ में होता तो..." त्यानं खरंच आत जाऊन मोठ्या मॅडमले इचारलं. परत आला. "कॉमर्स में दो सीट है. कॉमर्स कर लो बिटिया?"

यामिनीनं मान हालवली. नाही.

पुंडलिक म्हणे, "साहब, हमारे में वो महीना चल रहा था. अधिक मास. उसमें घर नहीं लेते."

बाबूनं चष्मा काढला, पुसला. वाईट मनाचा माणूस नव्हता तो. "हमारे में भी चल रहा था, भैया. मैं भी मानता हूँ. पर फारम तो रोज़ लिए मैंने."

पुंडलिकनं कराराचा कागद घडी करून खिशात टाकला.

बापलेक बाहेर आले. वर्गातून हजेरीचा आवाज येऊन राहिला होता. मराठी नावंबी होती मधात एक-दोन. त्याच गल्लीतली असतीन. यामिनीनं रडणंबिडणं काही केलं नाही. ते म्हणे, "बाबा, तहान लागली," अन् नळावर जाऊन बम पाणी पेली.

आजूबाजूच्या शाळा पाह्यल्या. एका ठिकाणी बायोलॉजी होती, मास्तर नव्हता. एका ठिकाणी मास्तर होता, जागा नव्हती. एक लांबची होती, दोन आटो बदलून जाचं, तठीबी थांबा म्हणले, कोणी पोरगं सोडून गेलं त पाहू. पुंडलिक दोन दिवस असा फिरला. यार्डात एखादा डबा लावतात काढतात, लावतात काढतात, अन् शेवटी जिथला तिथंच उभा, तसं.

मंग परागचा फोन आला. "भाऊजी, पाठवा पोरीले इकडे. आमच्याकडे अकरावीचं चालूच हाय अजून. जुन्या शाळेचे सर तिले ओळखतात, बायोलॉजी देतीन. मामाच्या घरी काय कमी हाय?"

कमी काही नव्हतं. फक्त ज्या पोरीसाठी हे गल्ली शोधली, तेच पोरगी त्या गल्लीत राहणार नव्हती.

"जाते मी," यामिनी म्हणे.

संध्याकाळी घरात दूध उतू घालाचं होतं, मुहूर्त होता. नवी शेगडी, नवं भगोनं. लतिकाबाई हळद-कुंकू घेऊन खाली आल्या. दूध वर आलं, चारी बाजूनं सांडलं, कीर्तीनं टाळ्या वाजवल्या.

"छान झालं," लतिकाबाई म्हणाल्या. "दिवस कसा बघून केलं सगळं. बरं, मोठीला कुठे घातलं मग?"

ममता उठून मागच्या खोलीत गेली. पुंडलिक तिच्या मागं गेला. ते सामानाच्या बोऱ्यावर बसली होती.

"म्या अडवलं," ते म्हणे. "लोक फारम भरून राहिले होते, म्या मुहूर्त पाहून राहिली होती."

"मी होतो ना तठी. मले कोणी तोंड बांधलं होतं काय?"

"मंग कावून नाही बोलले तुमी?"

पुंडलिकनं तिचा हात धरून तिले उठवलं. "चल," तो म्हणे, "बाई एकट्याच बसल्या हाय."

तिसऱ्या दिवशी सकाळच्या पॅसेंजरनं यामिनी निंघणार होती. पराग न्याले आला होता. पुंडलिकनं सुट्टी मागतली, भेटली नाही. उलट पहाटेच त्याले गाडीवर बोलावलं. लोखंडाच्या पट्ट्यांनं भरलेली मालगाडी, नागपूरकडे. निंघताना पोरगी झोपेत होती. तिची बॅग दारापाशी होती. बॅगले बाजूले सरकवून तो बाहेर पडला.

राजनांदगावच्या पुढे, मुसऱ्याच्या स्टेशनात, त्याच्या गाडीले बाजूच्या लाइनीत घेतलं. मागून पॅसेंजर येऊन राहिली होती, तिले पुढे जाऊ द्याचं होतं. रेल्वेत असा कायदा हाय का उभ्या गाडीचा माणूस खाली उतरते अन् जाणाऱ्या गाडीची चाकं पाह्यते. कोठी एखादं तापलं काय, धूर निंघते काय, काही लटकून घासते काय. सगळं ठीक असलं का हिरवी झेंडी.

कमलेशले माहीत होतं त्या गाडीत कोण हाय. तो म्हणे, "भैया, आप बिटिया को देखो. चाक मैं देख लूँगा."

पुंडलिक हिरवी झेंडी घेऊन रुळाबाजूच्या गिट्टीवर उभा राह्यला. पॅसेंजर आली. थांबणार नव्हती. खिडक्या सरसर गेल्या. कोणाची लाल ओढणी, कोणाचं लेकरू, कोणी केळ खाऊन राह्यलं, एका खिडकीत डोकं टेकून झोपलेली एक पोरगी. यामिनी होती का नव्हती. शेवटच्या डब्यातून गार्डनं झेंडी दाखवली. पुंडलिकनं दाखवली. गाडी वळणावर गेली.

"दिखी?" कमलेशनं इचारलं.

पुंडलिक झेंडी गुंडाळून राहिला होता. ते काही नीट गुंडाळल्या जाऊन नाही राहिली.

"चाकं बरोबर होती," तो म्हणे.

त्यांचा सिग्नल अजून लालच होता. दोघंबी इंजिनात चढून बसले.