जाऊबाई आणि फाटणारी शाई

पुतणीच्या लग्नपत्रिका मी हातानं करून देईन, हे मीच कबूल केलं होतं. दारव्ह्याच्या शाळेत मी चित्रकला शिकवते, तेव्हा मिरवायची हौस होतीच. ओल्या जाड कागदावर निळी-हिरवी शाई थेंबाथेंबानं सोडायची, कागद थोडा कलता करायचा आणि ती पसरते तशी पसरू द्यायची. वाळल्यावर त्यावर नावं लिहायची. पुतणीला नमुना इतका आवडला, की तिनं तो लगेच मोबाइलवर होणाऱ्या नवऱ्याला पाठवला.

तिची आई, म्हणजे माझी थोरली जाऊ, नमुना हातात घेऊन बराच वेळ पाहत राहिली. मग म्हणाली, "कागदावर डाग पडल्यावानी नाही वाटत?" आणि पुढच्याच वाक्याला तिच्या माहेरच्या एका लग्नातली सोनेरी छापील पत्रिका निघाली. मी हसले, पण ते मनात घट्ट बसलं.

ऐन पावसाळ्यात मी कामाला बसले आणि शाई फाटायला लागली. दूध नासावं तशी. कागदावर टेकताच तिचे बारीक कण व्हायचे, कडेला चोथा जमायचा. दहा-बारा कागद वाया गेले. शाळेत मात्र त्याच दुकानातून आणलेली शाई मुलांच्या कागदावर मस्त पसरत होती. शाळेत चालते आणि घरीच नासते, याचा अर्थ मी एकच लावला. घरातलं कोणीतरी माझ्या बाटलीत काहीतरी टाकत होतं. आणि पत्रिका कोणाला नको होत्या, ते मला ठाऊक होतं.

मग मी हेरगिरीच सुरू केली. बाटलीवर पेन्सिलीनं शाईची पातळी आखली. झाकणाला न दिसेल असा दोरा चिकटवला. रोज शाळेतून आले की चप्पल काढायच्या आधी दोरा बघायचा. तो जागच्या जागी असायचा, तरी शाई फाटायचीच. शहाण्या माणसाचा संशय इथं मिटला असता. मला वाटलं, बाई भलतीच हुशार आहे, दोरा परत चिकटवते. यवतमाळहून नवी बाटली आणली, कपाटात ठेवली, किल्ली कमरेला लावली. दुसऱ्या दिवशी तीही फाटली. तेव्हा माझ्या मनात आलं, कपाटाची दुसरी किल्ली कुठे असते? काविळीच्या माणसाला सगळं पिवळं दिसतं म्हणतात, ते उगाच नाही.

जाऊ रोज सकाळी माझ्या खोलीत कागद भिजवायला पाण्याची बादली भरून ठेवायची, कागदांची चौकशी करायची. मला त्या चौकशीतही डावाचा वास येऊ लागला. तिनं "जमलं का वं आज?" विचारलं, की मी तिच्या डोळ्यांत आनंद शोधायची.

एका रविवारी पुतणीसमोरच माझा तोल गेला. उचलली जीभ लावली टाळ्याला. "ताई, तुमाले छापील पत्रिका पाह्यजे असन तं सरळ सांगा ना. माया शाईत काय टाकून राह्यल्या तुम्ही?"

जाऊ गव्हातले खडे वेचत होती. तिचा हात थांबला.

"शाईले म्या हातबी नाही लावला," ती म्हणाली. "नळाले गढूळ पाणी येऊन राह्यलं. म्हणून तुया बादलीत रोज तुरटी फिरवली. अंमळ जास्तच. पोरीच्या पत्रिकेले गढूळ पाणी कायले लावायचं?"

पुतणी माझ्याकडे बघत होती. मी खोलीत गेले. एका वाटीत बादलीतलं पाणी घेतलं, दुसरीत बाटलीबंद पाणी. दोन्हींत एकेक थेंब सोडला. बाटलीबंद पाण्यात शाई सुरेख पसरली. बादलीतल्या पाण्यात तिचे कण होऊन तळाशी बसले. मला इतकी लाज वाटली की जेवायलासुद्धा बाहेर जाववेना.

शेवटी गेले, माफी मागितली. "जाऊ दे, कामाच्या घाईत होते असं," ताई म्हणाली आणि तिनं मला वाढलं. पत्रिका वेळेत झाल्या, छान झाल्या. प्रत्येकीच्या कोपऱ्यांना हळद-कुंकू तिनंच लावलं, आणि पाहुण्यांना पत्रिका देताना "आमच्या घरी केली" असं सांगितलं.

या घरात मला पंधरा वर्षं झाली. माझ्या खोलीत ती कधी विचारून आली नव्हती. कपडे ठेवायला, पंखा बंद करायला, काही नसलं तर नुसतीच बसायला यायची. आता ती उंबऱ्याशी थांबते, घडी केलेल्या साड्या हातात असतात आणि विचारते, "येऊ काय आत?"

"ताई, विचारता कायले?" मी म्हणते. ती हसते, आत येते, साड्या पलंगावर ठेवते. कपाटाला हात लावत नाही.