केसरीनाथचा विजेचा बंदोबस्त

विजेतलं आपल्यालाच सगळं कळतं, असं ठरवून बसलेला वळ नावाच्या गावात एकच माणूस होता, केसरीनाथ. कामतघरच्या कापड कारखान्यात लूम चालवायचा. तिथे शेठ अब्दुर्रहमानसमोर मान खाली आणि घरी आला की तोंडाचा पट्टा सुरू. वैशाखात किंवा दसऱ्यानंतर आभाळ गडगडलं की हा आधी अंगणात कोयता फेकायचा. लोखंड वीज ओढून घेतं म्हणे! मग धाकट्या भावाच्या विधवेला, शेवंताला, घराबाहेर काढायचा.

शेवंता पायाळू. जन्मताना तिचे पाय आधी आले होते, आणि पायाळू माणसावर वीज पडते ही गावाची पक्की समजूत. शाळेतले मास्तर घसा फोडून सांगायचे, वीज कडाडताना झाडाखाली थांबू नका, पक्क्या घरात बसा. पक्क्या घरात केसरीनाथ बसायचा आणि शेवंताला अंगणाबाहेरच्या चिंचेखाली पाठवायचा. गावानं कधी ब्र काढला नाही. असल्या गावाला असलाच शहाणा शोभतो.

सत्याऐंशीच्या वैशाखात शेळी सुटली म्हणून चिंचेखालची शेवंता तिच्यामागे धावली आणि पाठीमागे वीज पडून चिंच उभी चिरली. केसरीनाथ म्हणाला, "बघा, हिच्यामुलंच परली!" लाज सोडली की माणसाचं किती सोपं होतं! आता झाड उरलं नाही, तर तो तिला उघड्या अंगणात बसवू लागला.

त्याच पावसाळ्यात त्याची सून बकुळा घरीच बाळंत झाली. तिला शेवंतानं सोडवलं. बाळाचे पाय आधी आले. तिनं बाहेर येऊन सांगितलं तसा केसरीनाथ पांढराफटक पडला.

"कोनाला बोलू नको," एवढंच म्हणाला. गावभर पेढे वाटताना मात्र नातू डोक्याकडून आल्याचं कुणी न विचारता सांगत सुटला.

दसरा झाला आणि एका दुपारी आभाळ कडाडलं. केसरीनाथनं कोयता फेकला, नातवाला मांडीवर घेतलं आणि नेहमीसारखं दाराकडे बोट केलं.

"शेवंता, भायेर."

शेवंता उठली. दारापर्यंत गेली, वळली आणि तिनं दोन्ही हात पुढे केले.

"जाते ना भावोजी. पोराला पन द्या. तो पन पायालू हाय."

बकुळा किंचाळलीच. केसरीनाथनं नातवाला छातीशी घट्ट धरलं.

शेवंतानं हात मागे घेतले, दार आतून लावलं आणि घराच्या मधोमध येऊन बसली.