तो ड्रायव्हर आज समोर आला

मंडळीतल्या बहिणींनो, भावांनो,

आज सकाळी राजापेठेत भाजी घेत होते. ज्याच्या टेम्पोखाली माझे मिस्टर गेले, तो ड्रायव्हर अचानक समोर आला.

त्यानं मला ओळखलं. हात जोडून म्हणाला, "ताई, मले झोप येत नाही."

'प्रभू, माझं मन नवं कर,' अशी प्रार्थना मी रोज करते. वाटायचं, हा दिसला की राग तरी उसळेल, नाहीतर दया तरी येईल. आतून काहीच हललं नाही.

तरी मी म्हटलं, "भाऊ, मी तुमाले माफ केलं. घरी जाऊन झोपा."

तो रस्त्यातच रडला. मला रडू आलं नाही. घरी येऊन स्वयंपाकाला लागले.

मन बधिर असताना केलेली क्षमा देव खरी धरतो का? कुणी यातून गेलं असेल तर सांगा.