थंड जीपमधली गरम तार

अर्जुनी मोरगावात प्रवासी जीप चालवणारी बाई एकच, मोनाली खोब्रागडे. वडिलांचे, बकारामांचे, गुडघे गेले तेव्हा त्यांनी जीपची किल्ली तिच्या हातात ठेवली. तेव्हापासून ती कोणाला स्टेशनवर सोडते, कोणाला दवाखान्यात. लहानपणी तिनं घरातला रेडिओ खोलला होता. जोडल्यावर तो वाजला, पण एक स्क्रू हातात उरला. तो कुठला, हे शोधायला तिनं चालू रेडिओ पुन्हा खोलला. बापानं रागावायचं सोडून टॉर्च धरली.

गेल्या हिवाळ्यात थंडीनं जोर धरला आणि जीप सकाळी अडायला लागली. किल्ली फिरवली की स्टार्टर कण्हत, ओढत फिरायचा. दुपारी मात्र तीच जीप झटक्यात चालू. मोनालीनं बोनेटवर रात्री भाताच्या तणसाचं पोतं टाकून पाहिलं, थोडा फरक पडला. बसस्टँडजवळच्या मनिराम मिस्त्रीनं डिझेल गरम करणारे हीटर प्लग तपासले, ते ठीक होते. मग त्यानं बॅटरी बदलली. दुसऱ्या दिवशी धुकं पडलं आणि जीप पुन्हा अडली.

"नवी बॅटरी असूनबी काऊन अडून राहिली?" तिनं विचारलं.

"थंडीच लय आहे," मनिराम म्हणाला. पण ते त्यालाही पटलं नव्हतं.

त्याच आठवड्यात निर्मलाबाईंना डोळ्याच्या ऑपरेशनसाठी गोंदियाला न्यायचं होतं. अंगणवाडीतून रिटायर झालेल्या निर्मलाबाई भल्या पहाटे शाल गुंडाळून मागे येऊन बसल्या. अंधार होता म्हणून मोनालीनं आधी दिवे लावले, मग किल्ली फिरवली. स्टार्टर कण्हला. पुन्हा फिरवली, तेच.

"राहू दे माय, गाडीले बी म्हातारपण आलं," निर्मलाबाई म्हणाल्या.

मोनाली मात्र समोर पाहत होती. समोरच्या भिंतीवर दिव्यांचा उजेड तसाच लख्ख होता. बॅटरीत जोर नसता तर स्टार्टर फिरताना दिवे मंदावले असते. म्हणजे जोर आहे, पण तो स्टार्टरपर्यंत पोचत नाही. मग जातो कुठं?

तिनं बोनेट उघडलं आणि थंडगार इंजिनवर हात फिरवत गेली. ॲक्सिलरेटरच्या तारेला बोट लागलं आणि तिनं हात झटकला. तार तापली होती! इंजिन अजून चालूच झालं नव्हतं, आणि या तारेचा विजेशी काही संबंधही नाही. ती फक्त पेडलपासून इंजिनपर्यंत ओढायची तार. काही दिवसांपासून पेडल जड लागत होतं, तेही तिला आता आठवलं.

तिनं मनिरामला फोन लावला. तो झोपेतून उठला होता, पण ऐकून एकदम जागा झाला.

"तार गरम आहे? पक्कं?"

"बोट भाजलं ना माझं!"

"मंग अर्थिंग गेली असंन. तुह्याकडे जंपर केबल आहे ना? बॅटरीच्या मायनसवरून सरळ इंजिनच्या लोखंडाले जोड. अन् मंग मार सेल्फ."

तिनं केबल जोडली आणि किल्ली फिरवली. जीप अशी धडाडली की निर्मलाबाईंनी पुढच्या सीटचा दांडा धरला.

"काय केलं वो तू?" गाव मागे पडल्यावर त्यांनी विचारलं. "सांग ना. रस्ता तं लांबच आहे."

"इंजिन रबरावर बसते काकू. म्हणून बॅटरीकडं परत जाणाऱ्या करंटसाठी बॉडी अन् इंजिनच्या मधात तांब्याच्या तारांची विणलेली पट्टी राहते. ते तुटत आली असंन. रस्ता नाही भेटला तं करंट त्या पेडलच्या तारेतून जाऊन राहिला. बारीक तार, तापली बिचारी."

"मंग दुपारी काऊन चालू होत होती?"

हे मोनालीनं धरलंच नव्हतं. पुढची कितीतरी गावं ती विचार करत राहिली आणि नवेगावबांधचं वळण गेल्यावर म्हणाली, "थंडीत ऑइल घट्ट होते. इंजिन फिरवाले जोर जास्त लागते. तेवढा करंट उरल्यासुरल्या पट्टीतून जात नसंन."

"हां, हे जमलं," निर्मलाबाई म्हणाल्या.

ऑपरेशन वेळेवर झालं. संध्याकाळी परतल्यावर मनिरामनं जीपखाली शिरून पट्टी काढली. चिखलानं, गंजानं खाल्ल्यामुळे तिचे चारदोनच धागे शाबूत होते. आतलं तांबं हिरवं पडलं होतं. पेडलच्या तारेचं प्लास्टिक आतून वितळलं होतं, म्हणूनच पेडल जड लागत होतं; तीही बदलावी लागली.

"मी वरूनच पाहत राहिलो," मनिराम म्हणाला. "खाली पाहाचं सुचलंच नाही."

"मले तरी कुठं सुचलं? हात भाजला म्हणून समजलं." मोनालीनं ती हिरवी पट्टी उजेडात धरून धागा धागा सोडवून पाहिला. मग विचारलं, "भाऊ, स्टार्टरच्या आत काय राहते?"

"रविवारी ये. एक जुना पडला आहे, खोलून दाखवतो."

रविवारी तिनं भाडं घेतलं नाही. सकाळीच ती मनिरामच्या दुकानात गेली, आणि दुपारी जेवायला बोलवायला बकारामांना काठी टेकत यावं लागलं. तेही मग तिथंच बसले, स्टार्टर बघत.